गोचं यंत्र आणि त्याला न दिसलेला वेढा

टपरीवर वाद चालला होता: काळ्या-पांढऱ्या खड्यांनी पटावर खेळायच्या गो या खेळात माणूस वरचढ की यंत्र? बंड्याचं म्हणणं ठाम होतं. "गोचा विषय 2016 मध्येच संपला. सोलमध्ये अल्फागो या संगणक प्रोग्रॅमनं ली सेडोल या कोरियाच्या अव्वल खेळाडूला 4-1 नं हरवलं. त्यावर आता काय वाद घालायचा?"

नाना जुने बुद्धिबळवाले. त्यांना हरल्याचं दुःख नव्हतं, हरवण्याच्या रीतीवर राग होता. "यंत्र नुसती आकडेमोड करतं रे. 1997 मध्ये डीप ब्लू या संगणकानं बुद्धिबळाच्या जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं ते असंच. सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासायचं ते. माणूस दमतो, यंत्र दमत नाही, एवढंच."

"नाना, गोमध्ये नेमकं तेच चाललं नाही," मीनल म्हणाली. ती याच क्षेत्रात काम करते, त्यामुळे तिचं सगळे ऐकून घेतात. बुद्धिबळात वजीर गेला की गेला, कोण वरचढ आहे याचा अंदाज मोहरे मोजूनही येतो. गोच्या पटावर 19 आडव्या आणि 19 उभ्या रेघा, 361 जागा, आणि सगळे खडे सारख्याच मोलाचे. डाव अर्ध्यावर असताना कोण जिंकतंय हे मोजायचं कशानं? म्हणूनच डीप ब्लू जिंकलं तेव्हाही गोचे प्रोग्रॅम साध्या हौशी खेळाडूंकडून मार खात होते.

वाट सापडली ती 2006 च्या सुमारास. रेमी कुलोम या फ्रेंच संशोधकाच्या क्रेझी स्टोन या प्रोग्रॅमनं एक धाडसी मार्ग धरला: मोजता येत नाही ना, मग इथून पुढचा डाव वाटेल तसा शेवटपर्यंत खेळून बघायचा, हजारो वेळा, आणि ज्या चालीनंतर जास्त डाव जिंकले जातात तिकडे जास्त लक्ष द्यायचं. अल्फागोनं त्याला शिकलेल्या नजरेची, म्हणजे पट बघूनच चांगली चाल ओळखण्याची, जोड दिली. आधी माणसांच्या डावांमधल्या तीन कोटी स्थितींवरून शिकलं, मग स्वतःशीच खेळत राहिलं. 2017 च्या अल्फागो झीरोनं तर माणसाचा एकही डाव पाहिला नाही. तीन दिवस फक्त स्वतःशी खेळून त्यानं लीला हरवणाऱ्या आवृत्तीला 100-0 नं चीत केलं.

"झालं की मग!" बंड्या उसळला. "माझंच खरं ठरलं. 2019 मध्ये लीनं स्वतः निवृत्ती घेतली, यंत्राला हरवणं शक्य नाही म्हणून."

मी म्हटलं, चौथा डाव विसरलास. 13 मार्च 2016. तीन डाव गमावून बसलेला ली पांढऱ्या खड्यांनी खेळत होता. 78 व्या चालीला त्यानं मध्यभागी काळ्याच्या दोन खड्यांमध्ये पाचर मारली. अल्फागोच्या लेखी माणूस ती चाल खेळण्याची शक्यता जवळजवळ नव्हतीच. पुढच्याच चालीला ते चुकलं आणि आपण चुकलोय हेही त्याला बऱ्याच चालींनंतर कळलं. मग ते सैरभैर होऊन नवशिक्यासारखं खेळायला लागलं आणि शेवटी त्यानं डाव सोडला.

"ती चालही पक्की नव्हती," बंड्याकडे उत्तर तयार होतं. "नीट उत्तर दिलं असतं तर फसली असती, असं नंतरच्या विश्लेषणात निघालं."

ते खरं आहे, आणि ली थोर खेळाडू होता म्हणून त्याला ती सुचली, हेही खरं. म्हणूनच मला 2023 मध्ये गाजलेली गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. केलिन पेलरिन हा अमेरिकन हौशी खेळाडू. चांगला खेळतो, पण व्यावसायिक नाही. त्यानं काटागो या अव्वल दर्जाच्या प्रोग्रॅमला 15 पैकी 14 डावांत हरवलं, तेही खेळताना संगणकाची मदत न घेता. युक्ती संशोधकांच्या एका दुसऱ्या प्रोग्रॅमनं शोधली होती, यानं ती शिकून घेतली.

मी टपरीवरच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर काढून दाखवलं. गोमध्ये ज्या खड्यांना लागून असलेल्या सगळ्या मोकळ्या जागा बुजतात, ते मरतात. आधी आपला एक छोटा गट यंत्राला घेरू द्यायचा. घेरता घेरता यंत्राच्या खड्यांचं एक कडं तयार होतं. मग त्या कड्याला बाहेरून हळूहळू वेढायचं, आणि मधूनच दुसऱ्या कोपऱ्यात खेळून त्याला तिकडे गुंतवायचं. कड्याच्या मोकळ्या जागा एकेक करून बुजतात. बरा खेळणारा माणूस केव्हाच सावध झाला असता. यंत्र मात्र वेढा जवळजवळ पुरा होईपर्यंत निश्चिंत, आणि अख्खं कडं एकदम मरतं.

नाना कागदाकडे बघतच राहिले. "एवढं मोठं मरण दिसत नाही त्याला?"

"दिसत नाही, कारण स्वतःशी खेळलेल्या डावांत असं कोणी करतच नाही," मी म्हटलं. "आपल्यातला कोणी एकदा असा फसला तर दुसऱ्या दिवशी फसणार नाही. ते ओळीनं फसत गेलं. जिंकणं आणि खेळ समजणं एकच नाही, हे मला इथे पटलं."

"हे अन्यायाचं बोलणं आहे," मीनल तडकली. "सामना चालू असताना ते शिकतच नाही. शिकवणं आधीच संपलेलं असतं. तुला एका जागी गोठवून ठेवलं तर तूही पुन्हापुन्हा फसशील."

"बरं, मग शिकवलं ना नंतर?"

शिकवलं, तिनं कबूल केलं. काटागोला मुद्दाम अशा स्थिती दाखवून तयार केलं. तरी त्या तयार केलेल्या आवृत्त्यांनाही फसवणारे नवे डावपेच संशोधकांनी 2024 मध्ये शोधून काढलेच.

बंड्या थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ठीक आहे, भोक आहे. पण सरळ समोर बसून खेळला तर जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडूही हरणारच ना?"

"हरणारच," मी म्हटलं. "पण मग विषय संपला म्हणू नकोस. अजून ते भोक बुजलेलं नाही."