पार्क चौकातला कट्टा आणि नानांची बंद झालेली गोळी

काल रात्री पार्क चौकात चहाच्या गाडीपाशी वाद पेटला तो मल्लूच्या बीपी दाखवणाऱ्या नव्या घड्याळावरनं. मनगट पुढं करून म्हणतो, "बघ बे, १२१/७९. दंडाला पट्टा नको, डॉक्टर नको."

मी बीपीची मशीनं दुरुस्त करतो त्यामुळं दंडाला बांधायचं मशीन पिशवीत असतंच, काढलं आणि बांधलं. १४८/९२ आलं. मल्लू म्हणला तुझं मशीनच गंडलंय. इरफानचं मेडिकल आहे, तो म्हणला आत्ताच चहा प्यालास, वर बडबड करायलास, असं कुठं बीपी घेतात का. त्याचं बरोबर होतं. मग अर्धा तास काही खाणं-पिणं नाही, शेवटची पाच मिनिटं पाठ टेकून गप बसवला, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवला, परत घेतलं. १४०/८८. घड्याळ आपलं १२१ वरच.

मल्लूला म्हणलं, पट्टा शीर दाबतो आणि हळूहळू सोडतो, म्हणजे दाब दाबानंच मोजतो, १८९६ ला रिव्हा-रोचीनं दंडाचा पट्टा आणला तेव्हापासून मूळ गोष्ट तीच आहे. तुझं घड्याळ दाब मोजतच नाही. ते कातडीत हिरवा उजेड सोडतं आणि परत येणाऱ्या उजेडावरनं रक्ताची लाट ओळखतं, काही घड्याळांत ईसीजी पण असतो, मग ठोका पडल्यापासून लाट मनगटाला यायला किती वेळ लागला ते धरतात, कारण बीपी वाढलं की शीर ताठ होते आणि ताठ शिरेतनं लाट लवकर पळते. पण शीर ताठ व्हायला वय पण लागतं, थंडी पण लागते, आणि आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात कातडीतल्या शिरा उन्हानं फुलल्या की लाटेचा आकारच बदलतो. म्हणून चांगल्या कंपन्या आधी पट्ट्याचा आकडा भरून घेतात, सॅमसंगचं घड्याळ तर दर २८ दिवसांनी परत भरायला लावतं. "तू कधी भरलास?" मल्लू गप. त्याच्या घड्याळात फक्त वय, उंची आणि वजन भरायचं होतं.

मला सगळ्यात भीती वाटते ती ह्याचीच. वय-वजनावरनं सरासरी आकडा फेकला तर चार जणांचा जवळपास बरोबर येतो आणि विश्वास बसतो, पण ज्याचं बीपी खरंच उडालंय तोच नेमका त्यातनं सुटतो.

इतका वेळ व्यंक्या काही बोलत नव्हता. मग म्हणला, आमच्या वडलांनी, नानांनी, पंधरा दिवस झाले बीपीची गोळी सोडलीय, घड्याळात रोज १२५ च्या आत दिसतंय म्हणून. पूर्व भागात घर, आयुष्यभर मागावर उभा राहिलेला माणूस, आणि तसलंच घड्याळ पोरानंच हौसेनं आणून दिलेलं. मला बोलायलाच सुचेना.

मल्लूचं एक म्हणणं मला पटलं, ते लिहितो. त्याच्या आईला दवाखाना बघितला की बीपी चढतं, आणि रात्री झोपेत बीपी उतरतं का नाही हे घरच्या पट्ट्यावर कळत नाही. तिथं हे तंत्र पक्कं झालं तर मोठी गोष्ट होईल, मला मनापासून पाहिजे ते. ॲपलनं २०२५ मध्ये घड्याळात आणलं ते पण आकडा देत नाही, ३० दिवसांचं बघून नुसतं सांगतं की हायपरटेन्शनची लक्षणं दिसतायत, पट्ट्यानं तपासा. हे मला प्रामाणिक वाटतं. पण आकडा बघून गोळी कमीजास्त करायची असेल तर आज तरी दंडाचा पट्टाच, आणि तो पण दंडाच्या मापाचा, जाड दंडाला बारका पट्टा बांधला की आकडा उगाच वर येतो.

इरफाननं मशीन उचललं, व्यंक्यानं गाडी काढली. साडेदहाला फोन आला, नानांचं १७२/१०४, दोनदा घेतलं. चक्कर नाही, छातीत काही नाही. त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी जुनी गोळी आत्ताच चालू करा आणि सकाळी घेऊन या म्हणलं. घड्याळ तेव्हा १२४ दाखवत होतं.