सही कोणाची?

रविवारी सकाळी आठला मी आमच्या इमारतीच्या तळघरात उतरतो. एका हातात मळक्या कपड्यांची पिशवी, खिशात खुळखुळणारी क्वार्टरची, म्हणजे पाव डॉलरची नाणी. खाली सहा वॉशिंग मशीन आणि चार ड्रायर, त्यातला एक कायम आजारी. धुवायला अर्धा तास, वाळायला पाऊण तास, म्हणजे सव्वा तासाची साधी कैद. मध्ये वर जाऊन चहा पिऊन यावं म्हटलं तर तीही सोय नाही. मशीन थांबल्यावर पाच मिनिटांत तुम्ही हजर नसलात, तर पुढचा माणूस तुमचे ओले कपडे उपसून टेबलावर ढीग घालतो. एकदा माझा पंचा असा सार्वजनिक झाला होता. तो टेबलक्लॉथ आहे की कसं, यावर चौघांनी मतं दिली.

आम्ही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, फ्लशिंगला राहतो. राहायला आलो त्या पहिल्याच रविवारी तळघरात दोन म्हातारे बसले होते. मोजे जोडीने लावत होते आणि चेहरे असे, की यांच्या घरातलं कोणीतरी गेलंय.

"त्याला जाऊ द्यायला नको होतं," एक म्हणाला.

"चोवीस वर्षांचा होता," दुसरा म्हणाला.

मला गलबलून आलं. परका मुलूख असला तरी माणुसकी म्हणून काही आहेच. मी आवाज उतरवून विचारलं, "कधी झालं हे?"

"१० डिसेंबर १९७१."

"आणि... कशाने?"

"कॅलिफोर्नियाला पाठवला."

मनात म्हटलं, आमच्याकडे घरटी एक पोरगं कॅलिफोर्नियाला असतं, त्याचे लोक पेढे वाटतात. पण तोंडून निघून गेलं ते भलतंच. "तुमचा मुलगा?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकाने सांगितलं, "नोलन रायन." आणि मी आयुष्यातली एक मोठी चूक केली. मी विचारलं, "तो कोण?"

त्या दिवशी माझे कपडे वाळून, गार होऊन, चुरगळून गेले तरी माझी सुटका झाली नाही.

तर तो कोण, ते थोडक्यात. न्यूयॉर्क मेट्स हा आमच्या घरापासून सात नंबरच्या गाडीने एका स्टेशनावरचा बेसबॉलचा संघ. १९६२ साली जन्मला आणि पहिल्याच मोसमात १२० सामने हरला. तेव्हापासून त्याने वर्ल्ड सिरीज, म्हणजे इथल्या बेसबॉलचा सगळ्यात मोठा कप, जिंकला दोनदा, १९६९ ला आणि १९८६ ला. या खेळात खेळाडूंची सरळ अदलाबदल होते, भांडीवालीला जुन्या साड्या देऊन पातेलं घ्यावं तशी. साडीला कोणी विचारत नाही. आपल्याकडे २०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिक पांड्या गुजरातहून मुंबईत आला आणि पुढच्या मोसमात वानखेडेवर मुंबईकरांनीच त्याची हुर्यो केली, तेव्हा आपल्याला या दुखण्याची जराशी चव कळली. इथे ते दुखणं पिढीजात आहे.

मेट्सने रायन आणि वर आणखी तीन खेळाडू कॅलिफोर्नियाच्या एंजल्स संघाला दिले आणि बदल्यात घेतला जिम फ्रेगोसी. रायनचा चेंडू भयंकर वेगात यायचा, फक्त तो कुठे येईल हे त्यालाही ठाऊक नसायचं. पुढे त्याला ते ठाऊक झालं. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ५,७१४ फलंदाज स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद, केल्याचा विक्रम होता, आणि समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे फटका मारून बेस गाठायची संधी, न देता संपवलेले सात सामने. दोन्ही विक्रम आजतागायत कोणाला मोडता आलेले नाहीत. फ्रेगोसी मेट्सकडे आला आणि सरावातच त्याचा अंगठा मोडला. दीड-एक मोसमानंतर त्याला टेक्सासच्या हवाली करण्यात आलं. वर मीठ म्हणजे १९७९ साली हाच फ्रेगोसी एंजल्सचा मॅनेजर होता, संघ गटात पहिला आला आणि त्याच्या हाताखाली चेंडू टाकायला कोण? तर रायन.

"म्हणजे अदलाबदलीतले दोन्ही शेवटी त्यांच्याकडेच!" हे सांगताना म्हाताऱ्याने एक मोजा असा पिळला की तो वाळलेला होता हे मलाच त्याला सांगावं लागलं.

बायकोने या दोघांना नावं ठेवली आहेत. हे रायनकाका. दुसरे सीवरकाका.

सीवरकाकांचं दुःख म्हणजे टॉम सीवर. १९६९ च्या विजयाचा नायक. क्रमांक ४१, आणि आता स्टेडियमसमोरच्या रस्त्यालाही त्याचंच नाव आहे. काकांकडे ४१ नंबरची एक जर्सी आहे. तिच्यासाठी ते वेगळं मशीन लावतात, गार पाणी, आतली बाजू बाहेर. ड्रायरमध्ये ती जात नाही. हँगरला अडकवून, खांदे नीट बसवून, ते ती पाइपाला टांगतात आणि मग बोलायला बसतात. माझी आजी सोवळ्याचं इतक्या निगुतीने वाळत घालायची.

तर या सीवरला १५ जून १९७७ रोजी मेट्सनी सिनसिनाटीला देऊन टाकलं. पैशांवरून संघाच्या अध्यक्षांशी वाजलं होतं. त्यात एका वृत्तपत्रातल्या स्तंभलेखकाने लिहिलं, की सीवरच्या बायकोला रायनच्या बायकोचा हेवा वाटतो, कारण रायनला आता जास्त पगार आहे. बायकोचं नाव छापून आल्यावर सीवरने चर्चाच मोडली. म्हणजे पहिल्या चुकीच्या पोटी दुसरी चूक. हे कळलं त्या दिवशी रायनकाका जवळजवळ आनंदात होते. "बघ! सगळं त्या एकाहत्तरपासून सुरू होतं!"

आमच्या फ्लशिंगच्या गणपतीच्या देवळाची प्राणप्रतिष्ठा ४ जुलै १९७७ ची. सीवर गेला त्यानंतर एकोणीस दिवसांनी विघ्नहर्ता पोचला. हे मी सीवरकाकांना सहज सांगितलं, तर त्यांनी हात थांबवून विचारलं, "तीन आठवडे आधी नसता का आला?" तेव्हापासून ते देवळाच्या तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा खायला जातात, पण वर दर्शनाला जात नाहीत. राग आहे.

त्यात पुन्हा सीवर दोनदा गेला. १९८३ च्या मोसमासाठी त्याला परत आणला, पब्लिक रडलं, आणि पुढच्याच जानेवारीत दुसऱ्या संघांना नेता येऊ नयेत अशा खेळाडूंच्या यादीत संघाने त्याचं नावच घातलं नाही. एकोणचाळिशीच्या माणसाला कोण नेतंय, असा हिशोब. शिकागोवाले नेतात. नेलाच.

मोठं पाप कोणतं, यावर दर रविवारी खटला चालतो. रायनकाका म्हणतात, सीवरने तुम्हाला कप तरी मिळवून दिला, आमचा तर उमलायच्या आत खुडला. सीवरकाका म्हणतात, न ओळखता सोनं टाकलं तर तो गाढवपणा, पण ओळखून टाकलं म्हणजे काय? माझ्या मते, आणि हे मी तळघरात बोलत नाही, एकाहत्तरचा निर्णय इतका वेडगळ नव्हता. मेट्सकडे चेंडू टाकणारे भरपूर होते, तिसऱ्या बेसवर माणूस टिकत नव्हता आणि फ्रेगोसी सहा वेळा ऑलस्टार, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंपैकी एक, झालेला होता. पण हे बोलायची सोय नाही. तिथे १९७१ साल अजून चालू आहे.

चांगल्या व्यवहारांवर मात्र हे दोघं दोन मिनिटं खर्च करत नाहीत. सीवर गेल्याच्या बरोबर सहा वर्षांनी, त्याच तारखेला, कीथ हर्नांडेझ दोन किरकोळ खेळाडूंच्या बदल्यात आला आणि त्याच्या जोरावर पुढे १९८६ घडलं. १९९८ ला माइक पियाझा आला. "हो, ते बरं झालं," म्हणतात आणि पुन्हा फ्रेगोसी. चौथ्या मजल्यावरची एक मुलगी यांकीजवाली आहे, म्हणजे न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघाची. ती कानात गाणी घालून येते, कपडे काढते, जाता जाता नुसतं "सत्तावीस" म्हणते आणि लिफ्टमध्ये शिरते. तेवढे कप आहेत त्यांचे. त्यानंतर दहा मिनिटं नुसता ड्रायरचा आवाज.

१ जुलैला मात्र तळघरात वार कोणताही असो, सभा भरते. त्या दिवशी बॉबी बोनियाचं वर्षासन निघतं. दुसरा शब्द मला सुचत नाही. २००० साली मेट्सना हा खेळाडू नकोसा झाला होता, पण त्याचे ५९ लाख डॉलर देणं होतं. मालकांनी विचार केला, आत्ता कशाला द्या, नंतर देऊ, आठ टक्के व्याजाने. मालकांची गुंतवणूक बर्नी मेडॉफकडे होती आणि तिथे याहून जास्त सुटत होतं, निदान कागदावर. पुढे मेडॉफचा सगळा कारभारच बनावट निघाला, ते जगाला माहीत आहे. बोनियाला मात्र २०११ पासून २०३५ पर्यंत दर १ जुलैला ११ लाख ९३ हजार २४८ डॉलर आणि २० सेंट मिळतात. ते २० सेंट मला फार आवडतात. तेवढ्यात आमचा ड्रायर सुरू होत नाही.

आई पुण्याहून आली होती तेव्हा तिला हे सांगितलं. "आठच टक्के? तेव्हा पोस्टात जास्त मिळत होतं," म्हणाली. म्हणजे तिच्या हिशोबाने बोनियाच फसला. नंतर २०२४ च्या डिसेंबरात मेट्सनी हुआन सोटोशी १५ वर्षांचा, ७६.५ कोटी डॉलरचा करार केला. रुपयांत साडेसहा हजार कोटींच्या घरात. फोनवर आकडा ऐकून आई गप्प. मला वाटलं, दडपली. तर म्हणाली, "पंधरा वर्षांचा करार? आपण भाडेकरूला अकरा महिन्यांच्या वर देत नाही."

हे सगळं मी इतकी वर्षं हसत ऐकत होतो. अधूनमधून वाटायचं, ही माणसं पन्नास वर्षांपूर्वीच्या एका कागदाला किती चिकटून बसली आहेत!

मागच्या महिन्यात रविवारी सकाळी पुण्याहून माझ्या काकांचा फोन आला. हातात ओल्या चादरी होत्या म्हणून स्पीकरवर टाकला. पुण्यात संध्याकाळ होती, काका फिरून आले होते, म्हणजे कोथरूडवरून आले होते, म्हणजे विषय ठरलेला.

"आज पुन्हा बघून आलो तो प्लॉट," काका म्हणाले. "सात मजली उभी आहे तिथे. खाली सोन्याचं दुकान. आठशे रुपये गुंठा देत होता तो माणूस. आठशे!"

मी लहान असताना हा दर दीड हजार होता. माझ्या मुंजीत बाराशे झाला. महाराष्ट्रात खाली येणारा जमिनीचा भाव एवढाच.

"अण्णांनी नुसती सही करायची होती," काका म्हणाले. "तर म्हणाले, तिकडे कोण मरायला जातंय, रात्री कोल्हे ओरडतात."

"काका, पण तेव्हा खरंच तिकडे दिवे नव्हते," मी म्हणालो.

"दिवे नव्हते म्हणे! तू अण्णांची बाजू घेऊ नकोस!"

माझा आवाज चढला, त्यांचा चढला, मी हातातली चादर टेबलावर आपटली. मान वर केली तर रायनकाका आणि सीवरकाका मोजे खाली ठेवून माझ्याकडे बघत होते. मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण विषय बरोबर पोचला होता.

"कोण गेलं?" सीवरकाकांनी हळूच विचारलं.

"जमीन," मी म्हणालो. "दहा गुंठे. आजोबांनी घेतली नाही."

"कोणतं साल?"

"एकाहत्तर."

रायनकाका स्टूल ओढून जवळ बसले. "त्या पैशांत काय घेतलं?"

"स्कूटर."

"नवी?"

"कोरी. सात वर्षं नंबर लावून मिळालेली. पावणेदोन वर्षांत काकांनी डेक्कनवर टांग्याला नेऊन धडकवली. हाच काका, फोनवरचा."

ड्रायर थांबला. कोणीच उठलं नाही. रायनकाकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मान हलवत म्हणाले, "फ्रेगोसी."

"कोण फ्रेगोसी?" स्पीकरवरून काका ओरडत होते. "त्याने घेतला का तो प्लॉट?"