स्पेनमध्ये छोटंसं राज्य मिळालंय? मग हे वाचाच

समजा 1031 उलटलंय, स्पेनमधली मुसलमानांची मोठी सत्ता, कॉर्डोबाची खिलाफत, मोडलीय आणि तिचा एक तुकडा तुमच्या वाट्याला आलाय. अभिनंदन राजेसाहेब! आता ते 'आपले आणि परके' डोक्यातून काढून टाका, त्यावर भांडायला हजार वर्षांनी भरपूर लोक फ्री असतील. तुम्ही फक्त उत्तरेच्या ख्रिश्चन राजाला हप्ता द्या. तिकडे त्याला पारियास म्हणतात, आपली चौथाई समजा. सारागोसाचे मुसलमान राजे नवाराच्या ख्रिश्चन राजाला महिन्याला 1000 सोन्याची नाणी मोजायचे आणि सुखाने झोपायचे.

हप्त्याबद्दल संरक्षण मिळतं, मुख्यतः शेजारच्या मुसलमान राजापासून. 1079 ला सेव्हिल आणि ग्रनाडा भिडले तेव्हा सेव्हिलकडून लढत होता एल सिद, कॅस्टिलचा ख्रिश्चन राजा अल्फोन्सो याचा सरदार, जो त्याच्यासाठी वसुलीला आलेला, आणि समोर ग्रनाडाकडून अल्फोन्सोचाच दुसरा सरदार, तोही वसुलीलाच आलेला. हप्ता दोघांनी भरलेला, संरक्षण दोघांनाही मिळालं, एकमेकांपासून. सर्व्हिस असावी तर अशी!

तुम्ही ख्रिश्चन राजे असाल तर भिती भावांची बाळगा. अल्फोन्सोला 1072 मध्ये सख्ख्या भावाने हाकललं, तेव्हा आसरा दिला टोलेडोचा मुसलमान राजा अल-मामूनने. काही महिन्यांत तो भाऊ मारला गेला, हा परत गादीवर, मग धाकट्या गार्सियाला असं कोंडलं की तो 17 वर्षांनी मेला तोही कैदेतच. आणि 1085 ला टोलेडोच घेतलं, अल-मामूनच्या नातवाकडून. खाल्ल्या मिठाला जागला हो, बदल्यात नातवाला व्हॅलेन्सिया मिळवून दिलं, स्वतःच्या खिशातलं काही न घालता.

हप्ता फारच जड झाला तर समुद्रापलीकडून एखादा कडक धर्मबंधू बोलवा. सेव्हिलच्या अल-मुतमिदने बोलावला, मोरोक्कोचा युसुफ. कॅस्टिलमध्ये डुकरं राखण्यापेक्षा आफ्रिकेत उंट राखेन, असं मुतमिद म्हणाला म्हणे. 1086 मध्ये युसुफने अल्फोन्सोला बेक्कार धुतलं, घरी गेला, परत आला आणि 1091 पर्यंत ग्रनाडा गेलं, सेव्हिलही गेलं. धर्मबंधूने हप्ता मागितलाच नाही, डायरेक्ट घर घेतलं.

तेव्हा एक करा, कविता शिकून ठेवा, पुढे वेळ भरपूर मिळतो. मुतमिद चांगला कवी होता. आफ्रिकेत अगमातला कैदेत असताना ईदच्या दिवशी मुली भेटायला आल्या, अंगावर फाटके कपडे, लोकांचं सूत कातून पोट भरणाऱ्या. त्याने लिहिलं, अनवाणी चिखल तुडवतायत, जणू कधी कस्तुरी-कापरावर चालल्याच नव्हत्या. उंट मात्र राखावे लागले नाहीत.