मुलांसाठी लिहू पाहणाऱ्यांस हितोपदेश

गेल्या सोमवारी माझी एक गोष्ट संपादक मंडळाकडून साभार परत आली. गोष्टीत एक बोकड आहे. तो शाळेच्या खिडकीतून मान आत घालतो आणि तिसरीच्या वर्गाचे हजेरीपत्रक खाऊन टाकतो. त्यानंतर कोण शाळेत आले होते आणि कोण नव्हते, हे कोणालाच सिद्ध करता येत नाही, एवढेच तिचे कथानक. सोबतच्या पत्रात अत्यंत नम्र भाषेत तीन सूचना होत्या. 'शेंबूड' हा शब्द गाळावा. बोकडाने हजेरीपत्रकाऐवजी प्लास्टिकची पिशवी खावी, म्हणजे त्याचे पोट दुखेल आणि मुलांना स्वच्छतेची शपथ घेता येईल. आणि गोष्टीतून मुलांनी नेमके काय घ्यावे, हे शेवटी दोन ओळींत स्पष्ट करावे. पत्र वाचून माझे डोळे उघडले. इतकी वर्षे मी हा उद्योग उलट्या बाजूने करीत आले, हे ध्यानात आले. निदान या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्यांची तरी अशी फसगत होऊ नये, म्हणून उशिरा सुचलेले हे शहाणपण मी आपल्यापुढे ठेवीत आहे.

सर्वप्रथम आपण आपला आवाज बदलून घ्यावा. मोठ्यांशी आपण ज्या आवाजात बोलता तो मुलांच्या कानांना सोसत नाही, असे मानण्याची आपल्याकडे प्रथा आहे. म्हणून पहिल्याच ओळीत 'छोट्या दोस्तांनो' अशी साद घालावी, सशाचा ससुल्या आणि खारीची खारूताई करावी, प्रत्येक वस्तू इवलीशी असेल याची काळजी घ्यावी आणि दर दोन वाक्यांमागे एक उद्गारचिन्ह टोचावे, म्हणजे मूल पेंगत नाही. खरी मुले कशी बोलतात ते ऐकायला मात्र चुकूनही जाऊ नये. माझी सात वर्षांची भाची परवा माझ्या आईच्या कवळीकडे बराच वेळ टक लावून पाहत बसली होती. कवळी खिडकीतल्या वाटीत, पाण्यात होती. मग तिने भाजीवाल्याशी बोलावे अशा व्यवहारी स्वरात विचारले, "आजी, तू मेल्यावर हे दात मला देशील?" आई म्हणाली, "अगं, तुला बसायचे नाहीत ते." त्यावर भाची म्हणाली, "बसवायचे नाहीत, शाळेत न्यायचेत." आई हसून हसून खोकू लागली. असे काही कानावर पडले की ते जसेच्या तसे लिहून काढण्याची अनावर इच्छा होते आणि तिथेच बालसाहित्य बिघडते. तेव्हा मुलांपासून चार हात दूर राहूनच मुलांसाठी लिहावे.

नायकाचे नाव सोनू, मोनू किंवा पिंटू यांपैकी कोणतेही चालेल. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणेला फुरसुंगी हे गाव, एक सायकल आणि 'ट्टॉक्' असा आवाज काढण्याची खोड देऊन जी उधळपट्टी केली, ती आपण टाळावी.

विनोद अवश्य करावा, पण त्याने कोणालाही हसू येणार नाही अशी दक्षता बाळगावी. लठ्ठ मामा, टकलू शेजारी आणि केळ्याच्या सालीवरून घसरणारे गुरुजी यांना मान्यता आहे. त्यापलीकडे गेल्यास आपल्या जुन्या गोष्टींची जी गत झाली असती ती आपलीही होईल. भोपळ्यातल्या म्हातारीचेच पाहा. ती वाघाला सांगते की लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. आणि परतताना भोपळ्यात बसून त्याच्या नाकावर टिच्चून 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' म्हणत निघून जाते. वृद्ध स्त्रीने दिलेला शब्द मोडला, ही बाब मंडळाला कशी रुचावी? चिमणीचे वर्तन तर त्याहून आक्षेपार्ह आहे. शेणाचे घर वाहून गेलेला कावळा पावसात कुडकुडत दार ठोठावतो आहे आणि ही बाई आतून म्हणते, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, माझ्या बाळाला तीट लावते. आपत्तिग्रस्त शेजाऱ्याला मदत करण्याचा संस्कार यात कोठे आहे? खीर चोरून वर शपथ घेणाऱ्या मांजरीची घागर 'बुडबुड घागरी' म्हणत बुडते, तिथे समुपदेशनाची सोय का नाही? या गोष्टी सांगणाऱ्या बायांना कोणी शेवटी दोन ओळी जोडायला सांगितले नव्हते. त्यांना एवढेच ठाऊक होते की 'थांब' तिसऱ्यांदा येण्याआधीच मूल हसू लागते, कारण ते येणार हे त्याला आधीच कळलेले असते, आणि आपल्याला कळले याचाच त्याला आनंद होतो. हे साधायला वाक्याची लय लागते, कोठे थांबायचे याचा अंदाज लागतो, तेच शब्द त्याच क्रमाने यावे लागतात. एक शब्द बदलला तर चार वर्षांचे पोरसुद्धा आजीला अडवून चूक दाखवते. विंदा करंदीकर म्हणजे ज्ञानपीठ मिळालेला कवी, पण एटू लोकांचा उफराटा देश रचताना त्यांना कमीपणा वाटला नाही. आणि आपण मात्र बोकडाला प्लास्टिकची पिशवी चारतो!

थोडा तोल गेला, क्षमा असावी. पुढचा सल्ला देते.

करुण रस वापरावासा वाटल्यास आईला आजारी पाडावे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली तेव्हा ते आधी स्वतः रडले असणार, पण तेवढा वेळ आज कोणाकडे आहे?

चित्रकार मित्राला मानधनाचे विचारून मैत्रीचा अपमान करू नये.

मित्रमंडळ मात्र काळजीपूर्वक निवडावे. कच्चा खर्डा वाचून दाखवला की चहा संपण्यापूर्वी 'भन्नाट' म्हणतील, असेच मित्र असावेत. माझी निवड साफ चुकली. आम्ही चौघे दर दुसऱ्या शनिवारी एकत्र बसतो. त्यातली एक महापालिकेच्या शाळेत शिकवते, एक बाहुल्या करतो, एक चित्रे काढतो. बोकडाची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बाहुलीवाला दोन पाने काहीच बोलला नाही आणि मग म्हणाला, "बोकड येईपर्यंत मला तुझाच आवाज ऐकू येत होता, तू वर्ग घेत होतीस." मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी ती दोन पाने फाडली. शिक्षिकेने तिसरीच्या वर्गात गोष्ट वाचली आणि कोणत्या ओळीला मुले खिडकीबाहेर पाहू लागली, तिथे पेन्सिलीने फुल्या मारून आणल्या. चित्रकाराने बोकडाच्या तोंडातून लोंबणारा कागदाचा तुकडा काढला. त्यावर अर्धेच नाव दिसते, '…डकर', आणि पुढे 'हजर'. वर्गातली मुले त्या नावाचा शोध घेत बसली. मंडळाने त्या चित्रात कचराकुंडी घालायला सांगितली आहे.

आता मात्र पुरे झाले. अहो, तुम्ही स्वतः आठ वर्षांचे असताना गोष्टीखालचे तात्पर्य कधी वाचले होते? सरळ पान उलटत होतात. मग आज पुस्तक प्रदर्शनात पोराने हसत हसत धरलेले पुस्तक त्याच्या हातातून काढून घेऊन आधी शेवटचे पान का पाहता, आणि 'यातून काय शिकायला मिळेल' असे विक्रेत्याला कशाला विचारता? तुम्ही असे विचारता म्हणून प्रकाशक तसे मागतात, प्रकाशक मागतात म्हणून लेखक निमूटपणे तसे लिहितात, आणि मग मुले मराठी वाचत नाहीत म्हणून परिसंवादात गळे काढायला तुम्हीच पहिल्या रांगेत बसता. पोर हसले म्हणजे ते वाचत होते. तेवढेही तुम्हाला बघवत नाही. मुलांना शिकवायची एवढीच हौस असेल तर वर्ग उघडा, पाट्या रंगवा, भाषणे करा. गोष्टीच्या मानगुटीवर बसू नका. आणि स्वतः लिहिणार असाल, तर आधी लिहिलेले एखाद्या सात वर्षांच्या पोरीला मोठ्याने वाचून दाखवण्याची हिंमत करा, ती जांभई देईल तिथे लाज वाटू द्या आणि ते पान फाडा.

मंडळाला मी काल उत्तर पाठवले. शेंबूड राहील. बोकडाने हजेरीपत्रक खाल्ले आहे, आणि ते मी त्याच्या पोटातून परत काढून देणार नाही.