बाथरूमला मी दिसतच नाही

माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्स शिकतोय, म्हणजे घरातल्या धड चालणाऱ्या सगळ्या वस्तूंना त्याच्यापासून धोका आहे. "मामा, तुम्ही रोज बाथरूमची लाइट चालू सोडता, मी पीआयआर सेन्सर बसवून देतो, माणूस हलला की लाइट आपोआप लावणारा, बटणाला हात लावायलाच नको." ही लगेच हो म्हणाली, कारण लाइट मीच विसरतो हे तिचं लग्नापासूनचं म्हणणं आहे. बटण गेलं, छतावर पांढऱ्या टोपीची डबी आली. पहिले दोन दिवस मी उगाच आत-बाहेर करून लाइट लागते का बघत होतो, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी पेपर घेऊन बसलो (आमच्याकडे संडास-बाथरूम एकच, आणि खिडकीसमोर शेजाऱ्यांची भिंत) आणि वर टक् झालं. रिलेचा, म्हणजे डबीतल्या आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचचा आवाज. मिट्ट काळोख. हात हलवला, टक्, उजेड. अर्धी बातमी वाचली, टक्.

भाच्याला विचारलं तर म्हणे, "मामा, तो माणूस बघतच नाही, तो हलणारी उष्णता बघतो. आत दोन पट्ट्या असतात, एकमेकींना उलट जोडलेल्या, दोघींवर सारखी उष्णता पडली की हिशोब शून्य. तुम्ही हललात की आधी एकीवर पडते मग दुसरीवर, तेवढ्यात सिग्नल निघतो." म्हणजे स्वस्थ बसलेला माणूस याच्या लेखी नाहीच. आता संडासात माणूस स्वस्थ बसणार नाही तर काय लेझीम खेळणार?

मग त्याने डबीवरचा टाइमचा बारका स्क्रू फिरवून पाच मिनिटं केली. आईला पाच मिनिटं पुरत नाहीत, ती टॉर्च घेऊन जायला लागली. पण चाललं होतं.

आणि मग मे आला. ग्वाल्हेरचा मे काय असतो ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही, पारा पंचेचाळीसला टेकतो आणि आमचं लष्कर भागातलं जुनं दगडी घर दिवसभर तापून रात्री भट्टीसारखं धगधगतं. अंगाची कातडी साधारण ३३-३४ डिग्री, रात्री भिंतही तेवढीच, मग त्या डबीला मी आणि भिंत एकच! मी दोन्ही हात वर करून नाचतोय, टॉवेल गरगर फिरवतोय, टक् नाही म्हणजे नाही. बाहेरून ही विचारते, "अहो, काय चाललंय आत?" शेवटी वैतागून माठातल्यासारखं गार पाणी अंगावर ओतून घेतलं, जरा हललो, आणि टक्! गार झाल्यावर भिंतीहून वेगळा दिसलो ना. तेव्हापासून उन्हाळ्यात आमच्याकडे आधी आंघोळ, मग लाइट.

भाचा आता रडारवाला सेन्सर लावू म्हणतोय, त्याला उन्हाळ्याचा फरक पडत नाही. पण तो दाराच्या पलीकडचंही हलणं पकडतो, म्हणजे ही पॅसेजमधून गेली तरी आत दिवाळी. मी म्हटलं बाबा रे, तू आधी परीक्षा दे.

परवा व्याही आले होते. जेवण झालं, हात धुवायला म्हणून आत गेले, दार लावलं, आणि आत सगळं सामसूम. मला आठवलं, मी बाहेरून ओरडलो, "हात हलवा, हात हलवा!"

आतून दबक्या आवाजात आलं, "कोणाला?"