स्नायूला कळतं, मामा

नमस्कार मामा,

"स्नायूला काय कळतंय बीपीचं? तीस वर्षं मोंढ्यात पोती वाहिली, काही झालं नाही. आता बीपीची गोळी लागली ती काळजीनं. उगं कष्टाला बदनाम करू नका," असं तुम्ही, ओझं उचलताना स्नायूच बीपी चढवतो या माझ्या लेखाखाली लिहिलंत. तुमचा राग एका बाबतीत रास्त आहे. पोतं उचलताना चढलेला दाब पोतं खाली ठेवल्यावर उतरतो, तो म्हणजे बीपीचा आजार नव्हे, हे मी स्पष्ट लिहायला हवं होतं.

पण स्नायूला कळत नाही, हे मला मान्य नाही. १९३७ साली आलम आणि स्मर्क या संशोधकांनी लोकांकडून व्यायाम करून घेतला आणि राबणाऱ्या अवयवाचा रक्तप्रवाह, बीपी मोजताना बांधतात तसा पट्टा फुगवून अडवला. व्यायाम थांबला, तरी पट्टा आवळलेला असेपर्यंत दाब चढाच राहिला.

कॉलेजात असताना सरांच्या देखरेखीखाली मी हे स्वतःवर करून पाहिलंय. उजव्या हातात ग्रिप दाबून धरली. दोन मिनिटांत मनगट थरथरायला लागलं, तेव्हा त्याच दंडावरचा पट्टा फुगवला आणि मग मूठ सोडली. जोर संपला, छातीतली धडधड निवळली, पण डाव्या दंडावर मोजलेला दाब काही उतरेना. उजवा हात पांढुरका पडून आतून ठणकत होता. पट्टा सोडला, तळवा लाल झाला, मुंग्या आल्या आणि दाब खाली आला. (घरी करू नका.) आता काळजीच कारण असती, तर पट्टा सोडल्याबरोबर ती कशी गेली?

स्नायूत बारीक संवेदी तंतू असतात. काहींना ताण आणि दाब कळतो, काहींना आम्ल, पोटॅशियम असे साचलेले पदार्थ. आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो, त्यामुळे हे पदार्थ वाहून जात नाहीत. ती वर्दी मज्जारज्जूतून मेंदूच्या बुडाशी पोचते. मग इतर ठिकाणच्या वाहिन्या आकसतात, हृदय जोर लावतं. ठिबकच्या शेवटच्या नळीला पाणी पोचेना की आपण प्रेशर वाढवतो, तसंच.

मनाचा वाटा आहेच. जोर लावायचा हुकूम देतानाच मेंदू हृदयालाही पळवतो, म्हणून पोत्याला हात घालताच ठोके वाढतात. तुमचं म्हणणं तेवढं खरं. पण तो एकटा हुकूम नाही.

हे एवढं लांबण लावून लिहितोय ते तुमच्या त्या गोळीमुळे. बीपीचा आजार असलेल्यांत स्नायूंकडून येणारा हा प्रतिसाद जास्त जोराचा असतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. त्यात दम कोंडून उचललं, तर दाब आणखी उसळतो. चाला, शेतात हिंडा, ते चांगलंच. पण अजून पोत्याला खांदा देत असाल, तर डॉक्टरांना ते सांगितलंय का? आणि उचलताना श्वास सोडता की धरून ठेवता? एवढं मला नक्की कळवा.