पुरावा मागता, मग अभ्यास का बंद करता?

टेक्सासच्या ए अँड एम विद्यापीठातला तो व्हिडिओ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. २०२५च्या उन्हाळ्यातला बालसाहित्याचा वर्ग. लिंगभाव ओळखीवर, म्हणजे आपण स्त्री, पुरुष की आणखी कुणी हे माणसाला आतून काय वाटतं त्यावर, बोलणं चाललंय आणि एक विद्यार्थिनी प्राध्यापिकेला विचारते, हे शिकवणं कायद्यात बसतं का? राष्ट्राध्यक्ष तर म्हणतात की लिंगं दोनच. थोडी वादावादी होते आणि प्राध्यापिका तिला वर्गाबाहेर जायला सांगते. सप्टेंबरमध्ये व्हिडिओ पसरला. प्राध्यापिकेची नोकरी गेली, विभागप्रमुख आणि डीन यांची पदं गेली आणि काही दिवसांत विद्यापीठाच्या अध्यक्षांनीही राजीनामा दिला. एका तासापायी चार खुर्च्या!

त्या मुलीने शंका काढली याचा मला राग नाही. शंका काढायलाच वर्गात बसायचं असतं, आणि तिला बाहेर घालवणं मला पटलेलं नाही. पण ती जर म्हणाली असती की ‘हे चूक आहे, कारण जीवशास्त्र असं असं सांगतं’, तर त्याला उत्तर देता आलं असतं. उलटसुलट बोलणं झालं असतं, बाकीची पोरं ऐकत बसली असती. ‘हे बेकायदा आहे’ याला वर्गात उत्तर नसतं. तिथे शिकवणं संपतं आणि चौकशी सुरू होते.

पुढची गोष्ट तर विनोदीच आहे. त्या विद्यापीठाने नोव्हेंबरमध्ये नियम केला की वंश किंवा लिंगभावाबद्दलच्या ‘विचारधारे’चा पुरस्कार करणाऱ्या अभ्यासक्रमाला अध्यक्षांची आगाऊ मंजुरी हवी. जानेवारीत तत्त्वज्ञानाच्या एका प्राध्यापकाला सांगण्यात आलं की तुमच्या अभ्यासक्रमातले प्लेटोचे उतारे काढा, नाहीतर दुसरा विषय शिकवा. प्लेटो! अडीच हजार वर्षांपूर्वीचा माणूस आजच्या विचारधारेच्या आरोपाखाली.

‘हे शास्त्र नाही, ही विचारधारा आहे’ हा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ऑक्टोबर २०१८मध्ये हंगेरीच्या सरकारने जेंडर स्टडीजच्या, म्हणजे लिंगभावाच्या अभ्यासाच्या, पदव्युत्तर अभ्यासक्रमाची मान्यता काढून घेतली, तेव्हा हेच कारण पुढे केलं होतं. जोडीला आणखी एक, की या पदवीला नोकरीच्या बाजारात मागणी नाही. दुसरं कारण लावायचं तर तत्त्वज्ञानाचे आणि प्राचीन भाषांचे निम्मे विभाग उद्याच कुलूप लावून मोकळे होतील, तेव्हा ते सोडून देऊ. पहिल्यात थोडं तथ्य आहे. २०१७-१८मध्ये तिघा जणांनी मिळून वीस बनावट शोधनिबंध लिहिले आणि लिंगभाव व आसपासच्या विषयांच्या नियतकालिकांकडे पाठवले. सात स्वीकारले गेले. कुत्री फिरवायच्या बागेतल्या निरीक्षणांवर पुरुषी वर्चस्वाचा सिद्धांत रचणारा एक निबंध छापून तर आलाच, शिवाय संपादकांनी तो वाखाणला. मी तो प्रसंग वाचून पोट धरून हसले आणि मग वाईटही वाटलं. ज्या क्षेत्रात अवघड शब्दांच्या धुरळ्याआड काहीही खपतं, तिथे परीक्षक झोपले आहेत हे म्हणावंच लागतं.

पण मानसशास्त्राकडे बघा. २०१५मध्ये तिथले नियतकालिकांत छापून आलेले शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा निम्म्यांचेही निष्कर्ष टिकले नाहीत. म्हणून मानसशास्त्राचे विभाग बंद करा असं कुणी म्हणालं नाही. म्हणाले काय, तर पद्धत सुधारा, आकडे उघडे ठेवा, नमुना मोठा घ्या. तोच न्याय इथे का नाही? रोमानियाच्या संसदेने जून २०२०मध्ये त्याहून पुढची पायरी गाठली. लिंगभाव आणि जन्मजात लिंग वेगळं असू शकतं हे मत शिक्षणसंस्थांमध्ये मांडायलाच बंदी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ती उडवून लावली, हे बरं झालं.

हा विषय दहा-पंधरा वर्षांत उपटलेलं फॅड आहे, असंही नेहमी ऐकू येतं. बर्लिनमध्ये माग्नुस हिर्शफेल्ड या डॉक्टरने लैंगिकतेच्या अभ्यासाची संस्था १९१९ साली काढली होती. मे १९३३मध्ये ती फोडली ती विद्यार्थ्यांनी, अगदी वाजतगाजत, आणि चार दिवसांनी तिथल्या पुस्तकांची चौकात होळी झाली. (आजच्या प्रत्येक विरोधकाला नाझी ठरवायला मी हे सांगत नाही, त्या युक्तिवादाचा मला कंटाळा आहे.) सांगायचं ते एवढंच की एवढ्या जुन्या विषयातही आज पुरावे अपुरे का, याचं एक उत्तर तिथल्या राखेत आहे.

दुसरं उत्तर कॅनडातल्या एका मुलाच्या गोष्टीत आहे, आणि ती जरा सविस्तर सांगायलाच हवी. १९६५ साली विनिपेगमध्ये जुळे मुलगे झाले. काही महिन्यांचे असताना त्यांतल्या एकाची सुंता करताना विद्युत उपकरणाने त्याचं शिश्न जळून गेलं. हवालदिल आईवडिलांनी जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाला टीव्हीवर पाहिलं. जॉन्स हॉपकिन्समधलं मोठं नाव. त्यांचं म्हणणं होतं, पहिल्या दोनेक वर्षांत बाळाला जसं वाढवाल तशी त्याची ओळख घडते. दोन वर्षांचं व्हायच्या आत त्या मुलावर शस्त्रक्रिया झाली, फ्रॉक आले, मुलीचं नाव आलं. शेजारी तुलनेला जुळा भाऊ आयताच होता. १९७२मध्ये मनी यांनी प्रयोग यशस्वी झाल्याचं जाहीर केलं आणि पाठ्यपुस्तकांनी ते डोळे मिटून उचललं.

घरात काय चाललं होतं? ती ‘मुलगी’ फ्रॉक फाडत होती. शाळेत चेष्टा, तपासणीच्या फेऱ्यांची दहशत. चौदाव्या वर्षी वडिलांनी खरं सांगितलं, तेव्हा पोराने लगेच मुलगा म्हणून जगायचं ठरवलं आणि डेव्हिड हे नाव घेतलं. हवाई विद्यापीठातले मिल्टन डायमंड साठच्या दशकापासून मनी यांच्या सिद्धांतावर प्रश्न उभे करत होते. त्यांना त्या मुलावर उपचार करणारा माणूस हवा होता. तो होता कीथ सिग्मंडसन नावाचा मनोविकारतज्ज्ञ. प्रयोग फसल्याचं त्याला ठाऊक होतं, पण मनी यांच्या दबदब्यापुढे वर्षानुवर्षं त्याचं तोंड उघडलं नाही. दोघांचा शोधनिबंध आला तो १९९७मध्ये. डेव्हिडने २००४मध्ये, अडतिसाव्या वर्षी, आत्महत्या केली.

आता गंमत बघा, गंमत म्हणावी तर. ही गोष्ट दोन्ही छावण्या आपापल्या झेंड्यावर मिरवतात. एक म्हणते, बघा, शरीर खोटं बोलत नाही. दुसरी म्हणते, बघा, आतली ओळख बाहेरून लादता येत नाही. एकाच केसवरून एवढे मोठे सिद्धांत काढायची सवय मनींचीच होती, हे कुणाच्या लक्षात येत नाही. मला त्यात दिसतं ते वेगळंच. एका प्रतिष्ठित माणसाचा दावा पंचवीस वर्षं तपासला गेला नाही, कारण तपासू शकणारा घाबरला होता. आणि तो उघडा पाडला तो कुठल्या सरकारी अध्यादेशाने नाही, दुसऱ्या विद्यापीठातल्या दुसऱ्या अभ्यासकाने पाडला.

म्हणून इंग्लंडमधल्या कॅस अहवालाची एक बाजू मला सारखी खुपते. बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांनी एप्रिल २०२४मध्ये सांगितलं की आपल्या लिंगाबद्दल अस्वस्थ असलेल्या मुलांना यौवनारंभ रोखणारी औषधं देण्याबाबतचा पुरावा कच्चा आहे. त्या निष्कर्षांवर तज्ज्ञांमध्ये अजून जुंपलेली आहे, आणि जुंपावीच. पण बालवयात लिंगभावाच्या क्लिनिकमध्ये आलेल्या सुमारे ९,००० जणांचं मोठेपणी काय झालं, हे तपासायची त्यांची योजना होती. प्रौढांच्या सात क्लिनिकपैकी सहांनी माहिती द्यायला नकार दिला. खुद्द कॅस यांना सार्वजनिक वाहनांतून फिरू नका असा सल्ला मिळाला. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) लोकांच्या भल्यासाठी चालवलेल्या क्लिनिकनीच दारं लावली, हे मला अक्षम्य वाटतं.

आणि पलीकडे अमेरिकेत ‘पुरावा कुठाय, पुरावा कुठाय’ म्हणून घसा कोरडा करणाऱ्यांच्या सरकारने २०२५मध्ये पारलिंगी लोकांच्या आरोग्यावरच्या संशोधनाची अनुदानं धडाधड रद्द केली. म्हणजे पुरावा नाही म्हणून उपचार नको आणि पुरावा गोळा करायला पैसा नको. मग ठरणार कशाच्या जोरावर? ज्याचा आवाज मोठा त्याच्या.

इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या कॅथलीन स्टॉक यांचं प्रकरण मी याच खात्यात टाकते. जन्मजात लिंग महत्त्वाचं असतं असं म्हणणारी तत्त्वज्ञानाची प्राध्यापिका. तिला काढा अशी पोस्टर्स लागली, तोंडं झाकलेले विद्यार्थी आवारात उभे राहिले, आणि ऑक्टोबर २०२१मध्ये तिने राजीनामा दिला. तिची सगळी मतं मला पटत नाहीत. पण तिचा प्रतिवाद करायला पानं आणि व्यासपीठं कमी नव्हती. मार्च २०२५मध्ये उच्च शिक्षणाच्या नियामकाने विद्यापीठाला ५,८५,००० पौंडांचा दंड केला आणि विद्यापीठाने त्याला आव्हान दिलं. मग वकील बोलू लागले, तत्त्वज्ञान बाजूला राहिलं. तरी एक फरक आहे. जमाव एका माणसाला घालवतो. सरकारी आदेश अख्खा विषय घालवतो, आणि पुढच्या पिढीला तो होता हेही कळत नाही. म्हणून मला आदेशाची भीती जास्त वाटते.

पारलिंगी मित्रमैत्रिणींची एक तक्रार मात्र मला निरुत्तर करते. त्या म्हणतात, तुमच्यासाठी ही चर्चा आहे, आमच्यासाठी रोजचं जगणं आहे. आम्ही खरे आहोत की नाही, यावर वर्गात मतदान घेतल्यासारखं बोलता, ते बसून ऐकायचं कसं? याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. माणूस म्हणून मान हा चर्चेचा विषय नाही, तो आधीच मान्य धरूनच वर्गात शिरायचं. औषधं कुठल्या वयात, खेळात गट कसे पाडायचे, कायद्यात व्याख्या काय, हे मात्र बोलावंच लागेल. आणि तेव्हा समोरच्या बाकावर नाही, तर फळ्यापाशी उभे असलेले पारलिंगी अभ्यासक मला हवेत. संशोधनाचे प्रश्न ठरवणारे, नमुना निवडणारे, आणि दुसऱ्यांच्या आकड्यांतल्या चुका काढणारे. विभागच बंद झाल्यावर ते येणार कुठून?